रोवळीतलं नाव

ह्यांचं नाव मी यमकाशिवाय, मोठ्यानं आणि परक्या माणसासमोर पहिल्यांदा उच्चारलं ते दाखल्याच्या खिडकीशी. भाद्रपद सरत आला होता, पाऊस मध्येच येऊन मध्येच विसरल्यासारखा थांबत होता, आणि त्या लांबट खोलीत ओल्या छत्र्यांचा, डिंकाचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास एकमेकांत मिसळून राहिला होता. खिडकीपलीकडच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "मयताचं नाव?" मी म्हणाले, "यशवंत." तिनं लिहून घेतलं. नाव माझ्या तोंडातून निघालं, काचेखालच्या फटीतून आत गेलं आणि कागदावर जाऊन बसलं. मला आठवतंय, त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं होतं की, इतकं सोपं होतं तर.

त्यानंतर बँकेत घेतलं, गॅसच्या दुकानात घेतलं, विजेच्या कचेरीत तर दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा घेतलेलं तिथल्या गृहस्थांना ऐकू गेलं नाही. सगळ्या संसारात घेतलं नसेल इतक्या वेळा ते नाव मी त्या चार-पाच महिन्यांत घेतलं. आणि प्रत्येक वेळी माझा आवाज कसा, तर भाजीवाल्याला पाव किलो भेंडी मागावी तसा. आतून काहीच हललं नाही. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपलाच असतो, आपण त्याला बोट लावून बघतो, बोटाला गाल लागतो, पण गालाला बोट लागत नाही. माझं सगळंच तसं झालं होतं.

मी त्यांना जन्मभर 'अहो' म्हटलं. लोकांत 'आमचे हे', मुलीपाशी 'तुझे बाबा', आणि फारच घाई असेल तेव्हा नुसतं 'ऐकलंत का'. माझी मुलगी मधुरा नवऱ्याला स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात ऐकू जाईल अशी एकेरी हाक मारते, आणि तो 'ओ' देतो, आणि दोघांचं छान चाललेलं असतं. तिच्या डोळ्यांत माझी ही पद्धत म्हणजे संग्रहालयात ठेवण्याजोगी गोष्ट. "नाव घ्यायला यमक कशाला लागतं गं आई?" असं ती लहानपणी विचारायची. पण खरं सांगायचं तर लागायचं. माझ्यापाशी ते नाव फक्त उखाण्यात राहायचं. उखाण्याच्या बाहेर त्याला घरच नव्हतं.

मी कराडकडची. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता, आणि नवरा तर जेमतेम. उंबरठ्यावर माप ओलांडायच्या आधी गल्लीतल्या बायकांनी वाट अडवली आणि म्हणाल्या, नाव घे. मी माहेराहून पाठ करून आणलेला उखाणा घेतला. त्यात चांदीचं ताट होतं, सोन्याचा करंडा होता, मोत्यांची काहीतरी व्यवस्था होती, जशी सगळ्यांच्याच उखाण्यांत असते. बायका खूश झाल्या. सासूबाई मात्र दारातच उभ्या राहिल्या. बारीक अंगाच्या, करड्या केसांच्या, आवाज असा की कुणाला तो चढा वाटू नये आणि कुणाला टाळताही येऊ नये.

"चांदीचं ताट आमच्याकडे नाय गो," त्या म्हणाल्या. "जे घरात आहे, त्यात नाव घाल."

मी घाबरले. उंबऱ्यात उभं राहून, घर अजून पाहिलेलंही नसताना, घरात काय आहे हे मला कुठून कळणार. शेवटी समोर जे दिसत होतं त्यात, म्हणजे तांदळाच्या मापात, कसंबसं नाव घातलं आणि आत गेले. पण तो आमच्या घराचा नियमच आहे हे हळूहळू कळलं. हळदीकुंकू असो, बारसं असो, मंगळागौर असो, नाव घ्यायचं ते घरातल्या वस्तूत, आणि दर खेपेला वेगळ्या. नसलेल्या वस्तूत घातलेलं नाव सासूबाईंना खोट्या पत्त्यावर पाठवलेल्या मनीऑर्डरीसारखं वाटत असावं. त्यांचा मुलगा वर्षातले आठ-नऊ महिने मालवाहू बोटीवर, इंजिनाच्या खोलीत, कुठल्या समुद्रात ते आम्हाला नकाशावरही धड सापडत नसे. निदान त्याचं नाव तरी घरात, हाताला लागेल अशा जागी असावं, असं त्यांच्या मनात असेल का, ते मी कधी विचारलं नाही.

त्या नियमापायी मी घर बघायला शिकले. इतर बायका घर झाडतात, पुसतात, लावतात. मी ते सगळं करता करता नाव घालायला जागा शोधत असे. दुपारचं ऊन कौलाच्या काचेतून स्वयंपाकघरात उतरे आणि पाट्यावरून वरवंट्यावर, वरवंट्यावरून ताकाच्या रवीवर सरकत जाई, आणि मी हातातलं काम तसंच ठेवून त्या रवीच्या कडांकडे पाहत राही. पितळेच्या तांब्याला पोचा आला होता. त्या पोच्यात खिडकी दिसायची, वाकडी, पण पूर्ण. विळीच्या पात्याची धार झिजून झिजून आत वळली होती. पंचा वाळत घातला की त्यातून पलीकडची जास्वंद फिकट लाल दिसायची. ह्यातलं काहीही मी माहेरी पाहिलं नव्हतं. म्हणजे वस्तू त्याच होत्या, पण दोन ओळी जुळवायच्या म्हटलं की वस्तूकडे क्षणभर जास्त बघावं लागतं, आणि त्या जास्तीच्या क्षणात ती आपल्याला काहीतरी देते. मी काही कवयित्री नव्हे. माझ्या ओळी ओबडधोबडच असायच्या. एका संक्रांतीला मी घेतलं होतं,

सांडशीचे दोन पाय, खिळा त्यांचा एक,
यशवंतरावांची मी बायको नि सासूबाईंची लेक.

सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तीळगुळाचा डबा पुढे सरकवला, आणि नंतर आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला तो उखाणा स्वतःहून ऐकवला.

पण माझी खरी ख्याती झाली ती त्याच्याही आधी, लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात. हे बोटीवर गेले होते. शेजारच्या नलूवहिनींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. नलूवहिनी माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या, दोन घरांमध्ये चिऱ्यांचा एक कमरेएवढा गडगा, आणि त्या गडग्यावरून इकडची वाटी तिकडे आणि तिकडची बातमी इकडे सारखी ये-जा करणारी. त्या दिवशी सकाळी मी तांदूळ धुताना नाव जुळवून ठेवलं होतं. तांदूळ धुवायला सासूबाईंकडे बांबूची एक घट्ट विणीची टोपली होती, वर गोल आणि खाली निमुळती होत चौकोनी झालेली. आमच्याकडे कराडला अशा प्रत्येक टोपलीला बुट्टीच म्हणतात. मी नलूवहिनींच्या ओसरीवर सगळ्यांच्या मधे उभी राहिले आणि म्हणाले,

बुट्टीत धुतले तांदूळ, पाणी वाहून गेलं,
यशवंतरावांचं नाव तेवढं माझ्यापाशी राहिलं.

मग नलूवहिनी म्हणाल्या, "बुट्टी? ती रोवळी गो, रोवळी." आणि कोपऱ्यातून दुसऱ्या कुणीतरी विचारलं, "नवरा बोटीवर गेलाय का बुट्टी मारून गेलाय?" झालं. शाळा बुडवणाऱ्या पोरांचा तो शब्द ह्यांच्या बोटीला असा काही चिकटला की हसता हसता एकीच्या हातातलं पन्हं सांडलं. मी रडवेली झाले होते. घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, पुढच्या वेळी रोवळी म्हणेन. त्या म्हणाल्या, "कशाला? तुला बुट्टी दिसली ना?" मग मीही हट्टाला पेटले. पुढच्या चैत्रात नवा उखाणा झाल्यावर बायकांनी तो जुना मागितला, मी मुद्दाम 'बुट्टीत' म्हटलं, आणि सगळ्यांनी एका सुरात मला सुधारलं, "रोवळी." तेव्हापासून तो एक पाठच होऊन बसला. चैत्र आला, डाळ-पन्हं झालं, की मी चुकायचं आणि ओसरीनं मला दुरुस्त करायचं.

हे सुट्टीवर आले की पिशव्या खाली ठेवायच्या आधी पहिला प्रश्न ठरलेला. "ह्या खेपेला मला कशात घातलंस?" मी सांगायची. मग ते ती वस्तू हातात घेऊन, उलटीपालटी करून, इंजिनाकडे बघावं तसे बघायचे. सांडशीचं ऐकलं तेव्हा म्हणाले, "खिळा ढिला आहे हिचा," आणि बसल्या बसल्या हातोडीनं ठोकून घट्ट केला. काडी मोडलेल्या छत्रीत घातलं होतं,

छत्रीची मोडली काडी, तरी डोकं राहतं कोरडं,
यशवंतराव लांब, म्हणून मन करत नाही थोडं,

तर त्यांनी ती छत्री दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊन काडी बसवून आणली. मला ते आवडलं नव्हतं, कारण आता उखाणा खोटा ठरला. असा त्यांचा स्वभाव. मी जिथे जिथे नाव घालायची, तिथे तिथे ते येऊन डागडुजी करून जायचे. रोवळीचा काठ त्यांनी जाळी विणायच्या हिरव्या दोऱ्यानं आवळून बांधला, बोटीवर शिकलेली गाठ मारून. रोवळ्या झिजतात, बांबू काळा पडतो, कधीमधी नवी आणावी लागते. नवी आली की पाणी लागायच्या आधी तिच्या काठाला हिरवा दोरा चढायचा. आणि निघताना उंबऱ्यात उभे राहून, सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणायचे, "चाललो बुट्टी मारायला." मी हसायची नाही. हसले तर रडू येईल अशी भीती वाटायची. किती सहज यायचं तेव्हा रडू.

सासूबाई गेल्यालाही बरीच वर्षं झाली. हे निवृत्त होऊन घरी आले, "बुट्टी संपली" म्हणाले, आणि पाचसहा वर्षं घरात, अंगणात, मासळी बाजाराच्या वाटेवर असे माझ्या डोळ्यांसमोर राहिले. समोर असलेल्या माणसाचं नाव घेताना मला उगाच अवघडल्यासारखं व्हायचं. मग गेल्या भाद्रपदात एका सकाळी मासे आणायला म्हणून गेले ते दवाखान्यातूनच आले. सगळं व्यवस्थित झालं. माणसं जमली, माणसं रडली, नलूवहिनींनी मला तीन दिवस हातानं भरवलं. मी त्या सगळ्यात काय करत होते असं कुणी विचारलं, तर गॅस बंद केलाय का, दुधाला विरजण लागलंय का, एवढंच मनात होतं. लोक म्हणाले, धीराची आहे. मधुरानं मात्र ओळखलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "आई, तू एकदा रड तरी गं." मी म्हटलं, "हो." तिला बरं वाटावं म्हणून मी डोळे पुसले, पण ते कोरडेच होते.

मला सर्वांत जास्त कशाचं आश्चर्य वाटलं असेल, तर वस्तूंचं. त्यांच्यावाचून आठ-आठ महिने मी ज्या वस्तूंच्या जिवावर काढले, त्या सगळ्या आता वस्तूंइतक्याच झाल्या होत्या. सांडशी म्हणजे सांडशी. तांब्याच्या पोच्यात खिडकी अजूनही दिसायची, पण ती दिसते आहे एवढंच मला कळायचं, त्याहून पुढे काही नाही. ऊन पूर्वीच्याच वाटेनं पाट्यावरून रवीवर जायचं आणि मला वाटायचं, आता तीन वाजले असतील. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, पण ती मला आत कुठेतरी, थंडपणे, दिसत होती. आता मला कुणी 'नाव घे' म्हणणार नव्हतं. सवाष्णींच्या रांगेतून मी बाहेर आले होते. ते नाव आता खिडक्यांवर लागेल तेव्हाच निघणार, आणि खिडक्यांची कामंही संपत आली होती. मग ते जाणार कुठे? मला भीती वाटायला हवी होती. मी वाट पाहिली. भीतीही वाटली नाही.

चैत्रात मधुरा ठाण्याहून रजा घेऊन आली. अक्षय्य तृतीयेनंतर मी तिच्याकडे राहायला जायचं ठरत होतं, म्हणजे ती ठरवत होती आणि मी नाही म्हणत नव्हते. स्वयंपाकघरात तिनं दोन ढीग केले, न्यायचं आणि द्यायचं. एकेक वस्तू उचलून माझ्याकडे बघायची. "हे?" मी म्हणायची, "तुला वाटेल तसं." पितळेचा तांब्या न्यायच्यात गेला, कारण तो हल्ली शोभेला ठेवतात. सांडशी द्यायच्यात. छत्री आधीच कुणी नेली होती. रोवळी उचलून तिनं तळाशी बोट फिरवलं, बांबू काळवंडला होता, हिरवा दोरा फिका पडून पिस्त्याच्या रंगाचा झाला होता. "माझ्याकडे स्टीलची चाळण आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग दे." रोवळी द्यायच्या ढिगावर उपडी पडली. मधुराच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं नि गेलं. तिला मी अडवावं असं वाटत होतं की काय, कोण जाणे.

त्याच आठवड्यात नलूवहिनी गडग्याशी आल्या. आता त्यांचे गुडघे दुखतात, गडग्याला टेकून बोलतात. "परवा हळदीकुंकू आहे. तू ये हां."

"मी कशाला," मी म्हटलं.

"कशाला म्हणजे? डाळ खायला. नायतर मी ताट घेऊन इकडे येईन, आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत."

मी गेले. न जाण्यासाठी जो हट्ट लागतो, तोही माझ्यात उरला नव्हता. गौर पितळेच्या पाळण्यात बसली होती, पुढे कलिंगड कमळासारखं कापून ठेवलेलं, भिजवलेल्या हरभऱ्यांचं घमेलं, आणि सगळ्या ओसरीभर कैरीचा आंबट हिरवा वास, त्यावर हिंगमोहरीची फोडणी, त्यावर गुलाबपाण्याचे थेंब. खाडीवरून येणारा वारा दाराशी येऊन अडखळल्यासारखा थांबत होता. नलूवहिनी करंडा घेऊन ओळीनं येत होत्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा दोन-चार जणींनी माना दुसरीकडे वळवल्या, पाहायला नको म्हणून. नलूवहिनींचा हात थांबला नाही. आधी हळद, मग कुंकू, जसं दरवर्षी. माझ्या ओटीत ओंजळभर हरभरे पडले, ओले, जड. मी 'बरं' म्हटलं, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

मग नावं घेणं सुरू झालं. नलूवहिनींच्या नव्या सुनेनं मोबाईलात बघून घेतलं, त्यात सोन्याचं झाड होतं आणि चांदीची पानं, आणि मला सासूबाई आठवल्या, पण लांबून आठवल्या. एकेक करत नावं माझ्या दिशेनं सरकत आली. माझ्या शेजारच्या बाईनं घेतलं. आणि मग ते माझ्यावरून, मला धक्का न लावता, पलीकडच्या बाईकडे गेलं. इतक्या मायेनं गेलं की कुणाला कळूही नये. त्याच क्षणी कुणीतरी माझ्यापुढे पन्ह्याचा पेला धरला, "घ्या ना, गार आहे," आणि मी तो घेतला. कुणी बुट्टी मागितली नाही. कुणी कुणाला दुरुस्त केलं नाही. अपमान झाला असता तर बरं झालं असतं, निदान तो झाला हे तरी समजलं असतं. मी पन्हं प्यायले. साखर जराशी कमी होती.

निघताना नलूवहिनी पायरीपर्यंत आल्या. "राग नाय ना आला?"

"कशाचा?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

घरी आले तेव्हा मधुरा खोकी बांधायची चिकटपट्टी आणायला बाजारात गेली होती. संध्याकाळ उतरत होती, अंगणातले चिरे दिवसभराची उष्णता हळूहळू सोडत होते आणि कढीलिंबाच्या झाडाखाली पाखरांची शेवटची गडबड चालली होती. रात्रीला भात टाकायचा म्हणून तांदूळ काढले, तर ते धुवायचं पातेलं खोक्यात बंद. मोठं पातेलंही खोक्यात. द्यायच्या ढिगावर रोवळी होती. मी ती उचलली, त्यात तांदूळ घातले, आणि मागच्या दारच्या नळाखाली बसले. गडग्यापलीकडे नलूवहिनी पन्ह्याचे पेले विसळत होत्या, त्यांचा तो आवाज, पेल्याला पेला लागल्याचा, एकसारखा येत होता.

रोवळी पाण्यानं भरली. हात आपोआप तांदळात फिरायला लागला. पहिलं धुवण पांढरं, दाट, पेजेसारखं. ते कढीलिंबाच्या बुंध्याशी गेलं, वर्षानुवर्षं जातं तसं. दुसरं फिकं. ओला बांबू वास सोडायला लागला, मातीचा आणि गवताचा आणि जुन्या घराच्या आतल्या अंधाराचा मिळून एक वास, जो ती भिजल्याशिवाय कधीच येत नाही. तिसऱ्यांदा मी रोवळी वर उचलून धरली. विणीतल्या शेकडो फटींतून पाणी सरसरत खाली गेलं, मग त्याच्या धारा झाल्या, मग थेंब, आणि थेंबही रेंगाळायला लागले. मी पाहत होते. खूप दिवसांनी मी एखाद्या वस्तूकडे गरजेपेक्षा क्षणभर जास्त बघत होते, हे माझ्या लक्षातही आलं नाही. आणि हाताला तांदूळ धुवायची सवय असते तशी तोंडालाही असावी, कारण माझं तोंड म्हणालं, मोठ्यानं नाही आणि हळूही नाही, नेहमीच्या आवाजात,

"बुट्टीत धुतले तांदूळ, पाणी वाहून गेलं,
यशवंतरावांचं नाव तेवढं माझ्यापाशी राहिलं."

पलीकडचे पेले थांबले.

त्या ओळी केल्या तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मला 'गेलं'ला यमक हवं होतं आणि 'राहिलं' जुळलं म्हणून घेतलं. त्यात दुसरं काही नव्हतं. नवरा बोटीवर गेला की ज्या अर्थानं जातो, त्याच अर्थानं त्यातलं पाणी गेलं होतं, आणि सहा महिन्यांनी ते कपड्यांच्या पिशव्या आणि परदेशी साबण घेऊन परत येणार होतं. इतक्या चैत्रांत मी ते म्हटलं, इतक्या जणी हसल्या, आणि त्या दोन ओळी जे म्हणत होत्या ते आमच्यापैकी एकीलाही ऐकू आलं नाही. शब्द सगळे तेच होते. ऐकणारी तेवढी बदलली होती.

गडग्यापलीकडून आवाज आला, थकलेला, अगदी जवळचा.

"रोवळी गो. रोवळी."

एकटीनंच म्हटलं. सुरात म्हणायला दुसरं कुणी नव्हतं. थोड्या वेळानं पेल्याला पेला लागला, मग परत लागला. मी रोवळी तशीच वर धरून बसले होते, आणि रोवळीचं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत येऊन तिथून पदरात ठिबकत होतं. ते पाणी गार होतं. गार आहे हे मला समजलं, आणि नुसतं समजलं नाही, लागलं. हिरव्या दोऱ्याची गाठ अंगठ्याखाली टणक लागत होती. गालावरून काहीतरी खाली आलं ते मात्र कोमट होतं, आणि ते पुसायला माझा एकही हात मोकळा नव्हता.

मधुरा आली ती चिकटपट्टीचं गुंडाळं बोटात अडकवून. भात गॅसवर चढलेला होता. मी मागच्या दारात उभी होते. माझ्याकडे तिनं पाहिलं, आणि माझ्या हातात काय आहे ते बघून, सवयीनं, द्यायच्या ढिगाकडे वळत हात पुढे केला.

"दे. ती द्यायच्यातली ना?"

"नको," मी म्हणाले. "ओली आहे अजून."

आणि भिंतीतल्या जुन्या खिळ्यावर, निथळायला, मी ती लावून ठेवली.